पाटल्या मोडू का?

सप्रेम नमस्कार. आम्ही भोसरीत भाड्याने राहतो. मिस्टर चाकणच्या एका कंपनीत कायम आहेत. कंपनीतल्या पतसंस्थेचा ६,२०० रुपयांचा हप्ता कापून ४२,३०० रुपये खात्यात येतात. मी घरी ब्लाउज आणि फॉल-पिको करते, त्यात महिन्याला साडेआठ हजार सुटतात. मुलं सातवीत आणि तिसरीत आहेत. सासू-सासरे गावी असतात.

गेल्या महिन्यात धाकटा त्यांच्या मोबाइलवर गेम खेळत होता. मेसेज आला तो त्याने मोठ्याने वाचला : क्रेडिट कार्डाचे १,१८,००० रुपये देणे. मला कार्ड आहे एवढंच माहीत होतं. खोदून विचारल्यावर एकेक बाहेर आलं. नणंदेच्या लग्नाचं पतसंस्थेचं कर्ज मला ठाऊक होतं, त्याचे २,१०,००० बाकी आहेत. बँकेचं वैयक्तिक कर्ज २,०६,०००, हप्ता ७,१३७. मोबाइल अॅपवरून घेतलेली दोन कर्जं, त्यांचे मिळून ६,४६१ रुपये महिना, अजून चार हप्ते. नव्या फोनचा हप्ता २,२५०, पाच राहिलेत. शिवाय मामांकडून म्हणजे सासूबाईंच्या भावाकडून घेतलेले हातउसने ४०,०००. कार्डाची सुरुवात सासऱ्यांच्या अँजिओप्लास्टीपासून झाली. मिस्टरांना सुपारीच्या खांडाचंही व्यसन नाही, पण विषय काढला की उठून बाहेर जातात.

अॅपवाला माणूस रात्री नऊला फोन करून पोलीस आणतो म्हणतो. मामा प्रत्येक कार्यात चारचौघांत बोलून दाखवतात. एका एजन्सीचा फोन आला होता : हप्ते भरणं बंद करा, आम्ही निम्म्यात मिटवून देतो, आमची फी १५,०००. माझ्याकडे आईने दिलेल्या अडीच तोळ्यांच्या पाटल्या आहेत. ओळखीचा सोनार शेकडा दोनने त्यावर पैसे द्यायला तयार आहे. मोडून टाकू का? हिशेबाचं पान सोबत जोडलं आहे.

– एक भगिनी, भोसरी

ताई, नमस्कार.

पाटल्या मोडू नका, गहाण ठेवा. मात्र बँकेत ठेवा, सोनाराकडे नको. आणि तेही मिस्टर वही घेऊन तुमच्या शेजारी बसल्यावरच. हा क्रम चुकला तर वर्षाच्या आत पाटल्याही जातील आणि कार्डही पुन्हा लाखावर जाईल.

तुम्ही हिशेबाचं पान जोडलंत हे फार बरं केलंत. नागरी सहकारी बँकेच्या कर्ज विभागात माझी सगळी नोकरी गेली. समोर बसलेल्या माणसाला ‘एकूण देणं किती?’ विचारलं की निम्मे लोक छताकडे बघायचे. तुमचं देणं सहा लाख अकरा हजार आहे, आणि तो आकडा तुम्हाला आता पाठ झालाय.

कापला जाणारा हप्ता धरून मिस्टरांचे ४८,५०० आणि तुमचे ८,५०० मिळून घरात ५७,००० येतात. पतसंस्था, बँक, दोन अॅप, फोन आणि कार्डाला तुम्ही भरता ते सहा हजार, यांची बेरीज २८,०४८. उरले २८,९५२. तुमच्या पानावरचा घरखर्च भाडं, शाळा, किराणा, दूध, गावचे चार हजार, भिशीचे पाचशे धरून ३३,४०० आहे. म्हणजे दर महिन्याला साडेचार हजार कमी पडतात. तुमच्या पानावर ही तूट कुठे लिहिलेली नाही, कारण ती कार्डावर जाते. महिनाअखेरीला पेट्रोल आणि किराणा कार्डावर घेतला की घर चालल्यासारखं वाटतं.

आता कार्डाचंच बघा. मिस्टरांच्या मेलमध्ये कार्डाचं स्टेटमेंट असेल ते उघडा. वर दोन चौकटी असतात : एकूण देय रक्कम आणि किमान देय रक्कम. किमान रक्कम साधारण पाच टक्के असते. ती भरली की बँक फोन करत नाही, दंड लावत नाही, म्हणून माणसाला वाटतं आपण नियमित आहोत. पण उरलेल्या रकमेवर तुमच्या कार्डाच्या दराने महिन्याला साडेतीन टक्के व्याज चढतं. १,१८,००० वर ते ४,१३० झालं. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, ७४३ रुपये. एकूण ४,८७३. तुम्ही सहा हजार भरलेत त्यातले मुद्दलात गेले ११२७. आणि त्याच महिन्यात साडेचार हजारांचा नवा खर्च कार्डावर आला. म्हणजे सहा हजार भरूनही देणं तेहेतीसशेने वाढलं. आणखी एक गोष्ट मिस्टरांना बहुधा कुणी सांगितली नसेल. मागची बाकी पूर्ण भरली नसेल तर नव्या खरेदीला ते पंचेचाळीस-पन्नास दिवस बिनव्याजी मिळत नाहीत. पेट्रोल भरलं त्या दिवसापासून व्याज सुरू. खाली बारीक अक्षरात एक ओळही असते : फक्त किमान रक्कम भरत राहिलात तर फेड कित्येक महिने-वर्षं लांबेल आणि व्याजावर व्याज चढेल. रिझर्व्ह बँकेने ती छापायलाच लावली आहे. तुम्ही वाचून दाखवू नका, ती ओळ त्यांनाच वाचू द्या.

आता सगळी कर्जं व्याजाच्या दराने लावून बघा. मामांचे चाळीस हजार बिनव्याजी. फोनचा हप्ता ‘नो कॉस्ट’, म्हणजे रोख घेताना जी सूट मिळाली असती ती सोडून दिलेली, पण आता ते झालंय, भरून टाका. पतसंस्था साडेबारा टक्के. बँक पंधरा. कार्ड जीएसटीसह वर्षाला ४९ टक्क्यांच्या वर. आणि अॅप? मोठ्या अॅपची कागदपत्रं तुम्ही फोटो काढून पाठवलीत त्यात दर ३६ टक्के लिहिलाय. पण २०,००० च्या कर्जात प्रक्रिया शुल्क कापून हातात आले १८,२००. सहा हप्ते ३,६९२ चे, एकूण २२,१५२. हातात आलेल्या पैशांवर मोजलं तर वर्षाचा दर ७१ टक्क्यांच्या आसपास जातो. कर्ज देताना मुख्य माहितीपत्रक देणं आता सगळ्यांना सक्तीचं आहे. त्यात सगळे खर्च धरून वार्षिक टक्केवारी लिहावी लागते. मोबाइलवर तो कागद दोन सेकंद येतो आणि माणूस ‘मान्य’ दाबून मोकळा होतो.

गंमत अशी की तुमच्या घरात सगळ्यात जास्त घोर आहे तो मामांचा, आणि ते एकटेच तुमच्याकडून एक पैसा व्याज घेत नाहीत. कार्ड मात्र गुपचूप महिन्याला पावणेपाच हजार घेतं आणि वर बक्षिसाचे पॉइंट देतं. जो जास्त ओरडतो त्याला आधी भरायचं, ही सवय मी हजारो खात्यांत पाहिलीय. फेडीचा क्रम दराने लावा. पहिली अॅप, मग कार्ड, आणि इथेच पाटल्यांचा उपयोग आहे.

कार्डाचे १,१८,०००. अॅपवाल्यांना आजच मुदतपूर्व मिटवलं तर दोघांचं मुद्दल साधारण २४,०००. कार्डाचं अजून बिलात न आलेलं व्याज दोन-तीन हजार. म्हणजे लागतात १,४५,०००. तेवढेच काढा. अडीच तोळ्यांवर बँक याहून बरेच जास्त देईल, काउंटरवरचा माणूस आग्रहही करेल. नाही म्हणा. वरचे पैसे घरात आले की भाचीचं लग्न, मुलाची सायकल, गावचं छप्पर, सगळ्यांना पाय फुटतात.

सोनेतारण कर्ज सरकारी बँकेत साडेनऊ टक्क्यांच्या आसपास मिळतं. दर शाखेत विचारूनच ठरवा, पण हिशेबाला साडेनऊ धरू. १,४५,००० वर दोन वर्षांचा हप्ता ६,६५८ बसतो. कार्डाचे सहा हजार आणि अॅपचे ६,४६१ बंद होतात. तुमची सगळी हप्त्यांची बेरीज २८,०४८ वरून २२,२४५ वर येते. ५,८०० सुटले. साडेचार हजारांची तूट भरून निघाली आणि वर साडेतेराशे उरले. पाच महिन्यांनी फोन संपला की छत्तीसशे. दोन वर्षांत या कर्जाचं एकूण व्याज साधारण १४,८०० होईल. पाटल्या तुमच्याच राहण्याची ही किंमत. मोडल्यात तर सोनार घट धरणार, आणि कधी पुन्हा घडवायच्या म्हटलं तर मजुरी आणि तीन टक्के जीएसटी वेगळा. आईच्या हातच्या पाटल्या त्या पैशांत परत येत नाहीत हे मी सांगायला नको.

बँकेत काय मागायचं ते नीट ऐका, कारण इथे बऱ्याच बायका फसतात. सोनेतारण दोन तऱ्हेचं असतं. एकात वर्षभर काही भरायचं नाही आणि वर्षाच्या शेवटी मुद्दल-व्याज एकदम. दुसऱ्यात दरमहा हप्ता. पहिलं ऐकायला गोड लागतं. पण वर्षाच्या शेवटी दीड लाख एकरकमी तुम्ही कुठून आणणार? मग लोक व्याज भरून नूतनीकरण करतात, पुढच्या वर्षी पुन्हा करतात, आणि एखाद्या वर्षी ते व्याजही जमत नाही. मग नोटीस येते आणि लिलाव होतो. तुम्ही हप्त्याचंच मागा. शाखा म्हणाली ‘आमच्याकडे फक्त वर्षाचं आहे’, तर दुसऱ्या बँकेत जा.

जाताना आधार, पॅन, दोन फोटो आणि असेल तर खरेदीची पावती न्या. आईच्या वेळची पावती नसणार. चालतं. दागिने स्वतःचे असल्याचं लिहून घेतात. मूल्यांकन करणारा पाटल्या कसाच्या दगडावर घासून बघेल, तेव्हा समोरच थांबा. लाखेचं आणि खड्यांचं वजन वजा करून नक्त वजन पावतीवर लिहितात. तो आकडा घरच्या काट्याशी ताडून बघा, आणि पाटल्यांचा दोन्ही बाजूंनी फोटो आधी काढून ठेवा. कर्ज तुमच्या नावावर घ्या. पाटल्या स्त्रीधन आहेत, पावती तुमच्याच नावाची हवी. हप्ता मात्र एकट्या तुमच्या शिवणकामातून जाता कामा नये. पगार झाला त्याच दिवशी मिस्टरांच्या खात्यातून ६,६६० तुमच्या खात्यात यावेत अशी कायमची सूचना बँकेला देऊन टाका. दरमहा मागायला लागलं की चौथ्या महिन्यात भांडण होतं.

सोनाराच्या शेकडा दोनचं काय म्हणू? शेकडा दोन म्हणजे महिन्याला दोन टक्के, वर्षाला चोवीस. महाराष्ट्रात २०१४ चा सावकारी कायदा आहे. त्याखाली शासनाने दर बांधून दिलेत : बिगरशेती माणसाला तारणावर वर्षाला १५ टक्के, विनातारण १८. शेतकऱ्याला अनुक्रमे ९ आणि १२. तेही परवाना असलेल्या सावकाराने घ्यायचे. चक्रवाढ लावायची नाही. मुद्दलापेक्षा जास्त व्याज वसूल करायचं नाही, आपल्याकडे याला दामदुपट म्हणतात. ओळखीचा सोनार चांगला माणूस असेलही. पण तो दर कायद्याच्या वर आहे, आणि पावती त्याच्या कच्च्या वहीतली असेल. बिनपरवान्याच्या सावकारीची तक्रार सहकार खात्याच्या तालुक्यातल्या सहायक निबंधकाकडे किंवा जिल्हा उपनिबंधकाकडे होते. तुम्हाला तिथवर जायचं नाही, फक्त पाटल्या तिकडे न्यायच्या नाहीत.

मिटवून देणाऱ्या एजन्सीला पंधरा हजार देऊ नका. तुमचे हप्ते अजून चालू आहेत, घरात पगार येतोय. अशा माणसाने हप्ते थांबवले की आधी दंड चढतो, मग वसुलीवाले येतात, पतसंस्थेतल्या जामीनदारांपर्यंत बोभाटा होतो. आणि इतकं करून निम्म्यात मिटलंच तर सिबिलच्या, म्हणजे प्रत्येकाच्या कर्जफेडीची नोंद ठेवणाऱ्या संस्थेच्या, अहवालात त्या खात्यापुढे ‘बंद’ न लिहिता ‘तडजोड’ असा शेरा पडतो. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेलात की तो शेरा बँकेला आधी दिसतो. तडजोड ही नोकरी गेलेल्या, आजाराने झोपलेल्या माणसाची वाट आहे. तीसुद्धा बँकेशी थेट बोलून, लेखी घेऊन. मधल्या माणसाची गरज नसते.

तुमची ऐपत तेवढी नसती, म्हणजे पाटल्या नसत्या, तर मी काय सांगितलं असतं? पतसंस्थेचं वाढीव कर्ज. साडेबारा टक्के कार्डापेक्षा कितीतरी बरं. त्याखालोखाल बँकेचं टॉप-अप. टॉप-अपमध्ये जुनं कर्ज बंद करून नव्याने पाच वर्षांचं सुरू करतात. हप्ता हलका दिसतो, पण तीन वर्षांत संपणारं कर्ज पाच वर्षांवर जातं. बंद करायचं शुल्कही तपासावं लागतं. तुमच्यावर ती वेळ नाही.

आता मिस्टरांविषयी. तुमच्या पत्रात राग आहे, तो असायलाच हवा. पण खर्चाची यादी पुन्हा वाचा. बहिणीचं लग्न, वडिलांचं हृदय, घरचा किराणा. एक फोन सोडला तर स्वतःसाठी काहीच नाही. ते उठून बाहेर जातात, कारण घरचा मोठा मुलगा म्हणून सगळं अंगावर घेतलं आणि ते पेललं नाही हे बायकोसमोर कबूल करायचंय. त्यांना ‘का केलंत?’ विचारू नका. विचारायचंच तर ‘आणखी काही आहे का?’ विचारा. रविवारी सकाळी, मुलं खाली खेळायला गेल्यावर. पहिल्या बैठकीत सगळं बाहेर येत नाही असा माझा अनुभव आहे. शेवटचं एक देणं नेहमी दुसऱ्या बैठकीत निघतं.

आणि एक प्रश्न आवर्जून विचारा, जो तुमच्या पत्रात नाही : कुणाकुणाला जामीन राहिलात? कामगारांच्या पतसंस्थेत दोन जामीनदारांशिवाय सहसा कर्ज मिळत नाही. त्यामुळे ‘तू माझ्यासाठी सही कर, मी तुझ्यासाठी’ असं चालतं. मिस्टरांच्या कर्जाला दोघांनी सह्या केल्या असतील, म्हणजे यांनीही कुणाच्या तरी कागदावर केल्या असणार. जामीनदार म्हणजे नुसता ओळख देणारा नव्हे. १८७२ च्या करार कायद्याच्या १२८ व्या कलमाने त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. मित्र नोकरी सोडून गेला तर यांच्या पगारातून कपात सुरू होऊ शकते. तो आकडा वहीत वेगळ्या पानावर लिहून ठेवा, आणि नवी सही दोन वर्षं करायची नाही हे दोघांनी ठरवा.

बैठक झाली, बँकेतून पैसे आले, की त्याच दिवशी कार्ड आणि अॅप भरा. दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. अॅप बंद झाल्याचं पत्र मेलवर मागून घ्या आणि खात्यावरची हप्तावसुलीची परवानगी रद्द करायला बँकेला सांगा. कार्डाच्या पुढच्या स्टेटमेंटमध्ये थोडं राहिलेलं व्याज येईल, घाबरू नका, ते भरा. मग कार्ड बंद करायचा अर्ज द्या. कंपनीत कुणीतरी सांगेल की बंद केल्याने सिबिलचा स्कोर उतरतो, लिमिट कमी करून ठेवून दे. थोडा उतरतो, खरं आहे. उतरू द्या. तुमच्या घरात त्या कार्डाने तुटीवर पांघरूण घातलं. कार्ड ठेवून कर्ज फेडणं म्हणजे आतली शिवण उसवलेली असताना वरून लेस लावण्यासारखं आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. बाकी काही नसेल तर अर्जापासून सात कामकाजी दिवसांत कार्ड बंद करावं लागतं. नाही केलं तर बँकेला दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला द्यावे लागतात, असा रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम आहे. कार्डावर जोडलेली किराण्याची, सिनेमांची अॅप आधी सोडवून घ्या, नाहीतर ‘बाकी आहे’ म्हणून अर्ज परत येतो.

रात्री नऊच्या फोनबद्दल थोडक्यात. वसुलीचे फोन सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर करायचे नाहीत, शिव्या-धमक्या द्यायच्या नाहीत, नातेवाइकांना गाठून बदनामी करायची नाही, हे रिझर्व्ह बँकेने स्पष्ट सांगितलंय. कर्ज देणाऱ्या अॅपला तुमच्या मोबाइलमधले फोननंबर आणि फोटो बघायचीही मुभा नाही. कर्ज थकलं म्हणून पोलीस घेऊन येणं कुणाच्या हातात नाही, ते दिवाणी प्रकरण असतं. मात्र खात्यातून कापला जाणारा हप्ता पैसे नसल्यामुळे परत गेला तर चेक परत गेल्यासारखीच फौजदारी तक्रार होऊ शकते. म्हणून हप्त्याच्या तारखेला खातं रिकामं ठेवू नका. फोन आला की नाव, कंपनी, वेळ वहीत टिपा आणि तक्रार कर्ज देणाऱ्या कंपनीकडे लेखी करा. तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालांकडे जाता येतं, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. दुसरं अॅप कोणत्या वित्तकंपनीचं आहे ते तुम्ही लिहिलेलं नाही. अशा अॅपची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे, तिथे बघा. यादीत नसेल आणि फोटो बिघडवून पाठवायच्या धमक्या आल्या तर १९३० वर सायबर तक्रार करा.

घरखर्चात मी फार कात्री लावणार नाही. ३३,४०० मध्ये चार माणसं पिंपरी-चिंचवडच्या हद्दीत राहतात आणि वर गावाला पैसे जातात, यात उधळपट्टी दिसली नाही. बाहेरून सल्ला देणारे पहिल्यांदा गावचे चार हजार कापायला सांगतात. मी सांगणार नाही. सासऱ्यांची हृदयाची औषधं त्यातच असतील, ती थांबली तर पुढचं बिल याच घरात येईल. पण गावी दीर शेती बघतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. वर्षाचे गहू-ज्वारी-डाळ तिकडून येतात का? येत नसतील तर ते बोलणं मिस्टरांनी करायचं, तुम्ही नाही. आणि सासऱ्यांचं पुन्हा काही निघालं तर बिलावर कार्ड काढण्याआधी रुग्णालय महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आहे का ते विचारा. पूर्वी ती पिवळ्या-केशरी शिधापत्रिकेपुरती होती. आता पांढऱ्या कार्डवाल्यांनाही वर्षाला पाच लाखांपर्यंत लागू आहे. त्यांची शिधापत्रिका आणि आधार एका पिशवीत तयार ठेवायला सासूबाईंना सांगा.

भिशी चालू ठेवा. बारा बायकांत पाचशेची आहे, मोडलीत तर बोलणी खावी लागतील आणि गिऱ्हाइकंही त्यातलीच असणार. दुसरी लावू नका. ब्लाउजचे दर शेवटचे कधी वाढवलेत? तुमच्या पानावर अस्तराच्या ब्लाउजची शिलाई वाचून मला वाटलं तुम्ही शेजारधर्म करताय. नव्या गिऱ्हाइकांना पन्नास रुपये वाढवून सांगा, जुन्यांना दिवाळीपासून. शिलाईची उधारीही वहीत मांडा, घरात स्वतःचे पैसे येणं बाकी असताना अॅपकडे गेलेली माणसं मी पाहिलीत.

सुटणाऱ्या साडेतेराशेतले हजार मामांचे. दरमहा, एकाच तारखेला, न चुकता. फोन संपला की तीन हजार. दिवाळीच्या बोनसमधून दहा हजार एकदम, आणि तुमची भिशी लागली की ते सहा हजारही तिकडेच. वर्षभरात ते देणं जवळजवळ फिटेल. साडेतेराशेतले उरलेले साडेतीनशे पोस्टात आवर्ती ठेव म्हणून टाका, रक्कम बघून हसू नका. फोनच्या हप्त्यातून सुटणाऱ्यातलं थोडं तिथेच वाढवा. गाडी पंक्चर झाली, मुलाचा दात काढला, हे खर्च आता कार्डाकडे जाऊ शकणार नाहीत, त्यांना कुठेतरी जागा हवी.

मामांना हे सगळं तुम्ही सांगायला जाऊ नका. पैसे मिस्टरांनी घेतलेत, फोनही त्यांनीच करायचा, आणि पहिला हजार खात्यात गेल्यावर करायचा. ‘मामा, आत्ता हजार टाकलेत, दर महिन्याच्या पाच तारखेला येतील, दिवाळीला दहा देतो.’ बाकीचं स्पष्टीकरण नको. पाटल्यांचं तर अजिबातच नको.

कर्ज मंजूर झालं की शाखेने दिलेला दर आणि हप्ता मला कळवा. साडेनऊपेक्षा फार वर असेल तर सह्या करायच्या आधी लिहा, दुसऱ्या बँकेचा हिशेब करून देते.